मुळा-मुठेच्या करारात उजनी कुठे आहे?

प्रति,
जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था (जायका), भारत कार्यालय, नवी दिल्ली
राष्ट्रीय नदी संवर्धन संचालनालय, जलशक्ती मंत्रालय, नवी दिल्ली
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय: मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची लांबलेली मुदत आणि उजनीकाठच्या लोकांचा त्या प्रकल्पाशी असलेला संबंध

स. न. वि. वि.

मी करमाळा तालुक्यात, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर केळी पिकवणारा शेतकरी. आमची नदीकाठची काळी जमीन धरणात गेली, वर माळावर नवं गाव वसलं आणि पुढच्या पिढीनं त्याच धरणातून पाइपलाइन करून त्या माळावर ऊस आणि केळी उभी केली. धरणानं घेतलं, धरणानंच दिलं. तो हिशेब आमच्या घरात कधीच मिटला आहे. त्यामुळे हे पत्र धरणग्रस्ताचं जुनं गाऱ्हाणं म्हणून बाजूला ठेवू नये. तुम्हा तिघांच्या संमतीनं चाललेल्या एका प्रकल्पाबद्दल मी लिहितो आहे. त्याचा भलाबुरा परिणाम शेवटी आमच्या पाण्यावर होतो आणि त्याच्या कागदांत आमचं नाव नाही.

पुण्याचं सांडपाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करण्यासाठी जायकाच्या कर्जातून चाललेल्या मुळा-मुठा प्रकल्पाला मुदतवाढ मिळाल्याची बातमी अधूनमधून येतच असते. ती पुण्याच्या पानावर येते. तिथल्या वाचकासाठी ती खोदलेले रस्ते, नदीकाठचे बगीचे आणि महापालिकेचं अंदाजपत्रक यांच्या गर्दीतली एक बातमी असेल. आम्ही ती वाचतो तेव्हा आणखी एक उन्हाळा हिरव्या पाण्यात काढायचा, एवढाच तिचा अर्थ असतो. मंजुरीपासूनचे आकडे आणि तारखा आता सगळ्यांसमोर आहेत. ते जुळवून पाहिल्यावर गप्प बसणं बरोबर वाटलं नाही.

प्रकल्पाच्या नकाशात नदी पुणे महापालिकेच्या हद्दीत सामावते. खरी नदी पुढे जाते. पवना दापोडीला मुळेत येते, मुळा आणि मुठा संगमवाडीला एक होतात, बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत शिरतात. त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळालेली असते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी वापरून सोडलेलं बहुतेक सगळं पाणी दौंडच्या वरच एका पात्रात आलेलं असतं, आणि दौंडच्या खाली थोडं गेलं की उजनीचा फुगवटा लागतो. आषाढीला माउलींची पालखी आळंदीहून निघून दिवेघाट चढून पंढरपूरला जाते. इंद्रायणीचं पाणी दौंड, भिगवण, उजनी करत तिथंच पोहोचतं. वारकरी आळंदीत जे पाहून नाक मुरडतात तेच पाणी, आणखी दोन नद्यांचं घेऊन, त्यांच्याआधी चंद्रभागेत हजर असतं.

उजनीबद्दल एक गोष्ट पुण्याच्या बाहेरच्या आणि विशेषतः टोकियोच्या वाचकानं समजून घ्यायला हवी. या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी दरवाज्याच्या आणि कालव्याच्या पातळीखाली आहे, ते सहजासहजी हलत नाही. वरून जे येतं, गाळ म्हणा, घाण म्हणा, विरघळलेली खतं म्हणा, त्यातलं बरंचसं तळाशी बसून राहतं. वर्ष चांगलं असलं तर हे ध्यानात येत नाही. वाईट वर्षी उजनी ‘मायनस’मध्ये जाते, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. तेव्हा सोलापूर शहर पीत होतं तो मृतसाठा होता, आणि आम्ही मोटारी आणि केबली ओढत गाळातून पाण्यामागं पुढं पुढं सरकत होतो. ज्यांनी हे एकदा केलंय त्यांना पाण्याचा रंग कुणी सांगावा लागत नाही.

रंग हिरवा असतो. मार्चपासून पाण्यावर साय धरावी तसा थर येतो, वारा आला की काठाला लोटतो आणि तिथं कुजतो. केळीला ठिबक आहे. पाणी आधी सँड फिल्टरमधून जातं, मग डिस्क फिल्टरमधून, तरी उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा बॅकवॉश करावा लागतो, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवावा लागतो. ठिबकच्या नळीचं टोकाचं झाकण उघडलं की शेवाळाचा चिकट लगदा बाहेर येतो. ड्रीपर बसले की झाडाला पाणी कमी, घड लहान, आणि कंदरच्या बाजूनं आखाती देशांत जाणारा माल लहान घडाचा चालत नाही. ही पैशाची बाजू झाली. पिण्याची बाजू अशी की, डोळ्यांसमोर एवढा समुद्र असताना काठावरच्या गावांतून लोक वीस लिटरचा जार विकत आणतात. पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते, म्हणून पोरांना आता कुणी पोहू देत नाही. मासेमारी करणाऱ्यांचं आणखी वेगळं. वाम, मरळ, शिंगटा यांची जागा चिलापीनं घेतली, आणि भिगवणच्या बाजारात हल्ली जुने लोक मासा हातात घेऊन आधी तो कुठल्या पाण्यातला हे विचारतात. (रोहित पक्षी मात्र अजून येतात. त्यांचे फोटो पर्यटनाच्या जाहिरातीत असतात, त्यामुळे बाहेरच्यांना उजनी ठणठणीत आहे असं वाटतं.)

हे सगळं एकट्या पुण्याच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. वाटेत औद्योगिक वसाहती आहेत, साखर कारखाने आहेत, लहान-मोठी गावं आहेत, आणि आमच्या उसाला घातलेलं खतही पावसाबरोबर धरणात उतरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते, सर्वांत जास्त. तेव्हा रोग मोठा आहे. पण त्यातल्या एका मोठ्या भागावर औषध ठरलं होतं, पैसे मंजूर झाले होते, तारीख लिहिली होती. ते एकच औषध वेळेवर आलं नाही, म्हणून त्याच्यापुरतं बोलतो.

काय ठरलं होतं ते एकदा मांडतो. २०१६ साली मंजूर झालेला खर्च ९९०.२६ कोटी रुपये. त्यात केंद्राचा वाटा ८४१.७२ कोटी, पुणे महापालिकेचा १४८.५४ कोटी. केंद्राला त्यासाठी जायकाकडून १९.०६४ अब्ज येनचं कर्ज, व्याज वर्षाला ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत, त्यातली पहिली १० वर्षं सवलतीची. कामं कोणती, तर ११ नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर, ११३.६ किलोमीटर मलवाहिन्या. चार जुन्या पंपिंग स्टेशनांची दुरुस्ती. मुदत जानेवारी २०२२. आणि हे सगळं झाल्यावर होणारी क्षमता, जुनी ४७७ अधिक नवी ३९६ अशी ८७३ दशलक्ष लिटर, २०२७ सालापर्यंतच्या सांडपाण्याला पुरेल, असं सरकारनंच जाहीर केलं होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली उशिराची. जानेवारी २०२२ ला काम संपायचं होतं. भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. प्रकल्प पूर्ण होण्याच्या तारखेनंतर त्याचा पाया घातला गेला, आणि हे कुठे दडवलेलंही नाही, दोन्ही तारखा सरकारी पत्रकांत आहेत. मधल्या काळात पहिल्या निविदा चढ्या दराच्या म्हणून बाद झाल्या, नव्या निघाल्या, जागांचे वाद झाले. भूमिपूजनाच्या वेळी खर्च १,४७० कोटींच्या पुढे सांगितला गेला. निविदा चढ्या आल्या तर रद्द कराव्यात हे मलाही मान्य आहे, लोकांचा पैसा आहे. पण त्या रद्द करताना खाली किती पाणी वाहून जाणार आहे याचा हिशेब कुणी केला होता का?

तो हिशेब मी माझ्या परीनं करून पाहिला. मंजुरीच्या वेळी पुण्यात रोज ७१५ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि शुद्धीकरणाची क्षमता ४७७ होती. जुनी सगळी केंद्रं पूर्ण क्षमतेनं, एकही दिवस बंद न पडता चालली असं धरलं, तरी रोज २३८ दशलक्ष लिटर प्रक्रियेविना उरतं. वर्षाचं ८,६८७ कोटी लिटर. टीएमसीत सांगायचं तर तीनाहून थोडं जास्त. मुदतीनंतरच्या प्रत्येक वर्षाला हे किमान तीन टीएमसी आमच्याकडे आलेलं आहे. आकडा २०१६ चा. शहर त्यानंतर थांबलेलं नाही. कर्जावर ०.३० टक्के व्याज भारत सरकार भरेल. उशिराचं व्याज जारच्या, फिल्टरच्या आणि दवाखान्याच्या बिलात आम्ही भरतो, आणि त्याला दहा वर्षांची सवलत नाही.

उशीर होतोच, मोठी कामं अशीच असतात, असं कुणी म्हणेल. जायकाच्या लोकांना त्यावर मला एकच विचारायचं आहे. शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू तुमच्याच कर्जातून झाला. त्याच्या पहिल्या टप्प्याचं कर्जही २०१६ चंच. समुद्रात खांब रोवून, तिवरं आणि कोळीवाड्यांचे प्रश्न हाताळून, १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटनही झालं. कर्ज देणारा तोच, देश तोच, राज्य तेच. मग सांडपाण्याच्या वाहिनीला आणि सागरी पुलाला वेगवेगळं घड्याळ का लागतं? मला वाटतं, पुलावरून कोण जाणार ते सगळ्यांना माहीत असतं. मैलापाणी शुद्ध झालं तर त्याचा फायदा ज्याला होतो तो शंभर मैल खाली राहतो आणि पुण्याच्या निवडणुकीत त्याचं मत नसतं.

दुसरी तक्रार क्षमतेची. २०२७ पर्यंत पुरेल असा जो आराखडा होता तो जुन्या हद्दीवरचा. २०१७ मध्ये ११ गावं पुण्यात आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यातली दोन पुढे वगळली, तरी बाकीच्या गावांत इमारतींची रांग लागली आहे. त्यांचं सांडपाणी ओढ्यांतून नदीतच येतं. आराखड्याचं शेवटचं वर्ष आणि प्रकल्प पूर्ण होण्याचं वर्ष एकमेकांना भेटण्याची वेळ आली आहे. नवं घर बांधून पूर्ण होतंय तोवर माणसं दुप्पट झाली, अशातली गत.

तिसरी, नदीकाठाची. ज्या दिवशी प्रदूषण नियंत्रणाचं भूमिपूजन झालं त्याच दिवशी नदीकाठ सुधारणेच्या पहिल्या नऊ किलोमीटरांचंही झालं. पूर्ण योजना ४४ किलोमीटरची. पुणेकरांना नदीकाठी फिरायला जागा हवी, यात वाईट काही नाही. फक्त घाट आधी दिसतो आणि मलवाहिनी जमिनीखाली असते, म्हणून घाटाला आधी हात लागतो, एवढं खालून स्पष्ट दिसतं. याबद्दल पुण्यातल्याच लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी वाढवत नाही.

चौथी तक्रार मोजमापाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आमचं पाणी हिरवं होतं ते शेवाळामुळे, आणि शेवाळ पोसलं जातं ते नत्र आणि स्फुरदावर (नायट्रोजन आणि फॉस्फरस). शेतकऱ्याला हे दोन शब्द कुणी समजावून सांगायला नकोत. खताच्या गोणीवर पैसे मोजून आम्ही तेच घेतो. माणसाच्या मैल्यात ते असतात, कपडे-भांड्यांच्या साबणात असतात. शुद्धीकरण केंद्रात पाण्यातला सेंद्रिय मैला खाली बसवला, पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागलं, तरी नत्र आणि स्फुरद त्यात विरघळलेले राहू शकतात. ते काढण्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते, जास्त खर्च येतो. वाहत्या नदीत हे लवकर कळत नाही. साठलेल्या धरणात, ज्याचा निम्म्याहून जास्त साठा मृत आहे अशा धरणात, ते वर्षानुवर्षं साचतं. शेवाळ वाढतं, मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे तरंगतात. काही जातींचं निळं-हिरवं शेवाळ तर विषही सोडतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये सांडपाणी केंद्रांना जे कडक निकष लावायला सांगितले त्यात नत्र आणि स्फुरदाचीही मर्यादा आहे. मग पुण्याच्या प्रत्येक केंद्रातून, जुन्या आणि नव्या, रोज किती नत्र आणि किती स्फुरद बाहेर पडतो, हा आकडा सर्वांना दिसेल असा का लावला जात नाही? ‘अमुक इतके दशलक्ष लिटर पाणी शुद्ध केलं’ या आकड्यावरून आमच्याकडे येणारं पाणी कसं आहे ते ठरत नाही.

मुंढव्याचा उल्लेख इथंच करतो. पुण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) उचलून शेतीच्या बेबी कालव्यात सोडायचं, म्हणजे तेवढं खडकवासल्याचं चांगलं पाणी पुण्याला जास्त वापरता येईल, अशी ती योजना. कल्पना म्हणून उत्तम आहे. पाणी पुन्हा वापरलंच पाहिजे. पण हवेली आणि दौंडचे शेतकरी त्या कालव्याच्या पाण्याच्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल सतत तक्रार करत आले आहेत. पुनर्वापर हा शब्द पाणी खरोखर शुद्ध झाल्यावरच वापरावा.

पाचवी तक्रार, की आम्ही कुणाच्याच खात्यात नाही. मागे एका कार्यालयात मी या प्रकल्पाची माहिती मागायला गेलो होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथला माणूस सौजन्यानं बोलला आणि त्याच्या कागदाप्रमाणे खरंच बोलला: “काका, तुमचा तालुका प्रकल्पक्षेत्रात येत नाही.” बरोबर आहे, येत नाही. करार झाला तो दिल्ली आणि टोकियो यांच्यात, अंमलबजावणी पुण्याची, देखरेख मुंबई-दिल्लीची. दौंड, इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, सोलापूर शहर आणि पुढे सीमेपलीकडची विजयपूर-कलबुर्गीची गावं, यांतलं कुणीही कुठल्या टेबलावर बसलेलं नाही. जायकाच्या पर्यावरण आणि सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांत बाधित लोकांशी चर्चा आणि माहिती खुली करणं यावर भर आहे. केंद्राच्या जागेशेजारी राहणारा बाधित ठरतो आणि केंद्र न झाल्यामुळे अशुद्ध राहिलेलं पाणी पिणारा ठरत नाही, ही व्याख्या तुम्हाला तरी पटते का?

आता जायकाला उद्देशून थोडं सविस्तर, कारण कर्जापेक्षा मोठी एक गोष्ट तुमच्याकडे आहे आणि ती अजून आमच्यापर्यंत आलेली नाही.

तुमच्या शिगा प्रांतात बिवा तलाव आहे, जपानातला सर्वांत मोठा. क्योटो, ओसाका, कोबे ही शहरं त्याच्या पाण्यावर आहेत. सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसं. १९७७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या तलावावर तांबडा थर आला, पाण्याला माशासारखा वास येऊ लागला. कारण तेच, नत्र आणि स्फुरद. तेव्हा पुढे आल्या त्या घरोघरच्या बायका. फॉस्फेटचा डिटर्जंट आपण वापरणार नाही, साधा साबण वापरू, असं म्हणत त्यांनी गावोगाव चळवळ केली. साबण कंपन्यांचा विरोध होता. तरी १९७९ मध्ये शिगा प्रांतानं तलाव वाचवण्यासाठी नियम केला आणि १ जुलै १९८० पासून फॉस्फरस असलेल्या घरगुती डिटर्जंटचा वापर, विक्री, इतकंच काय भेट म्हणून देणंही बंद केलं. १ जुलै हा दिवस तिथं आजही बिवा दिन म्हणून पाळतात. पुढे सांडपाणी केंद्रांतून नत्र आणि स्फुरद काढण्याची प्रगत प्रक्रिया तिथं आली. आणि १९७२ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं चाललेल्या विकास योजनेत खालच्या ओसाका आणि ह्योगोनं वरच्या शिगाच्या खर्चात आपला वाटा उचलला, कारण खालच्यांना पाणी हवं होतं आणि वरच्यांना त्यासाठी बंधनं पाळावी लागणार होती.

म्हणजे वरचा आणि खालचा एका पाण्याचे भागीदार आहेत, हे तुमच्या देशानं कायद्यात आणि पैशात लिहून ठेवलेलं आहे. १९८६ मध्ये तिथंच आंतरराष्ट्रीय तलाव पर्यावरण समिती स्थापन झाली, जगभरच्या तलावांना हा अनुभव मिळावा म्हणून. बिवा पूर्ण बरा झाला असं नाही, निळं-हिरवं शेवाळ तिथंही अधूनमधून डोकं वर काढतं, हे तुमचेच शास्त्रज्ञ सांगतात. पण तिथं तलाव मोजला जातो. पुण्याच्या प्रकल्पात तुमचा येन आला, तुमच्या निविदेच्या अटी आल्या. बिवाची रीत आली नाही. कर्ज फेडायचं असतं, रीत फुकट शिकवता येते. तीच मागायला मी हे पत्र लिहितोय असं समजलात तरी चालेल.

तुमच्याच यमुना कृती योजनेचा अनुभवही आहे. १९९३ पासून जपानी कर्ज येत राहिलं, टप्प्यामागून टप्पे झाले, आणि दिल्लीत छटपूजेला बायका आजही फेसात उभ्या राहतात. केंद्रं बांधली गेली हे यश मानायचं की नदी सुधारली हे, याचा निर्णय आधी झाला असता तर कदाचित तिथला पैसा वेगळ्या ठिकाणी लागला असता. मुळा-मुठेचं मूल्यमापनही अकरा केंद्रं उभी राहिली का, एवढ्यावर संपेल अशी मला भीती वाटते.

म्हणून आमच्या मागण्या.

अकराही केंद्रांची प्रत्येकी पूर्णत्वाची तारीख, आज प्रत्यक्षात किती पाणी शुद्ध होतं, आणि कुठलं केंद्र कशामुळे अडलं आहे, हे पुणे महापालिकेनं दर महिन्याला मराठीत जाहीर करावं. संकेतस्थळावर टाकाच, पण दौंडपासून पंढरपूरपर्यंतच्या ग्रामपंचायतींना आणि सोलापूर महापालिकेलाही पाठवावं. आमच्या बोर्डावर जागा आहे.

प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला नत्र, स्फुरद आणि मैल्याचे जिवाणू मोजून ते आकडे उघडे करावेत. जुन्या केंद्रांतही नत्र-स्फुरद काढण्याची सोय कधी होणार त्याचा कार्यक्रम द्यावा.

संगमवाडी, थेऊर, रांजणगाव सांडस, दौंड, भिगवण, पळसदेव आणि उजनीची भिंत, एवढ्या ठिकाणी वर्षभर पाण्याचे नमुने घेण्याची व्यवस्था व्हावी, महापालिकेपासून स्वतंत्र प्रयोगशाळेकडून. हा खर्च कर्जातून नको. जायका तांत्रिक सहकार्य म्हणून वेगळी कामं करते, त्यात हे बसवावं आणि त्यात बिवावर काम केलेली माणसं असावीत. धरणाच्या तळाच्या गाळात काय साचलंय ते त्यांनी एकदा पाहावं.

हद्दीत आलेल्या गावांच्या सांडपाण्याचा आराखडा पैशासह जाहीर करावा, आणि तो होईपर्यंत तिथल्या मोठ्या गृहप्रकल्पांना पाणी-मलनिस्सारणाच्या खऱ्या व्यवस्थेशिवाय परवानगी देऊ नये. पिंपरी-चिंचवडलाही याच चर्चेत बसवावं. पवना आणि इंद्रायणी वगळून भीमा सुधारत नाही.

राष्ट्रीय नदी संवर्धन संचालनालयानं या प्रकल्पासाठी खालच्या तालुक्यांची एक कायम समिती नेमावी. शेतकरी, मच्छीमार, पाणीपुरवठ्याचे अभियंते आणि पंढरपूरचे प्रतिनिधी तिच्यात असावेत. तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी, इतिवृत्त खुलं असावं, आणि यापुढची कुठलीही मुदतवाढ तिच्यासमोर ठेवल्याशिवाय मंजूर होऊ नये.

शेवटची मागणी जायकाकडे: प्रकल्प संपल्यावर तुम्ही जे मूल्यमापन करता, ते पुण्याच्या बंडगार्डनपाशी थांबवू नका. उजनीत करा.

तुमच्या नियमांनुसार प्रकल्प ज्या देशात आहे तिथले दोन किंवा अधिक रहिवासी हरकत नोंदवू शकतात, हे आम्ही वाचलेलं आहे. काठावरची काही मंडळी त्यासाठी कागद जमवत आहेत. काम थांबावं अशी आमच्यातल्या कुणाचीही इच्छा नाही, उलट ते पूर्ण व्हावं म्हणूनच हा खटाटोप. तेव्हा हरकतीच्या अर्जाआधी या पत्राचं उत्तर यावं ही विनंती. उत्तर मराठीत द्यावं, म्हणजे ग्रामसभेत वाचता येईल.

आणि तिघांपैकी ज्या कुणाला पाणी प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांनी एप्रिल किंवा मे महिन्यात यावं. तारीख आठ दिवस आधी कळवली तर होडीची सोय आम्ही करू, नमुन्याच्या बाटल्या मात्र तुमच्या आणा.

आपला,
उजनीकाठचा एक केळी उत्पादक
तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर